डी ड्राइव्ह दिसतो, पण सेव्ह होत नाही: विंडोजचं पार्टिशन लिनक्समध्ये नीट परवानग्यांसह माउंट करणं

रात्री साडेदहाला ऐरोलीहून भाच्याचा फोन. "मामा, डी ड्राइव्ह दिसतो, फायली उघडतात, पण सेव्ह काहीच होत नाही. सुडो लावलं की होतं. मग मी वैतागून सगळ्या ड्राइव्हला सीएचमॉड ७७७ मारलं. एरर आली नाही, पण फरकही शून्य."

त्याच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, आणि हे सगळं लिनक्समधलं. सुडो म्हणजे कमांड रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युझरच्या, अधिकाराने चालवणं. सीएचमॉड ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकणं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ऐरोली ते ठाणे, मधलं दिघा गाव धरलं तरी दोन स्टेशनं. लॅपटॉप घेऊन ये म्हटलं. त्या दुपारी जे केलं ते इथे क्रमाने लिहितो आहे, कारण हाच प्रश्न मला आमच्या सोसायटीतल्या आणखी दोघांनी विचारला आहे आणि दोघांनीही आधी सीएचमॉड ७७७ च मारलेलं होतं.

एक आधीच सांगतो. खाली कमांड देवनागरीत आहेत, पण टर्मिनलला देवनागरी कळत नाही. टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजी घ्या. जिथे स्पेलिंग चुकू शकतं तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

सीएचमॉड का चाललं नाही

विंडोजची डिस्कवर फायली ठेवायची पद्धत, म्हणजे एनटीएफएस ही फाइल सिस्टिम, १९९३ साली विंडोज एनटी ३.१ बरोबर आली. त्यात परवानग्या असतात, आणि बऱ्याच बारकाईच्या असतात. पण त्या विंडोजच्या माणसांच्या नावे असतात. विंडोज प्रत्येक युझरला 'एस-१-५-२१' ने सुरू होणारा एक लांबलचक ओळख क्रमांक देतं आणि फाइलवर तोच नोंदवतं. लिनक्सकडे युझर म्हणजे एक साधा आकडा. पहिला युझर बहुधा १०००, दुसरा १००१. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या वॉचमनची वही दुसऱ्या सोसायटीच्या गेटवर नेऊन ठेवली तर काय होईल? नावं आहेत, फ्लॅट नंबर आहेत, पण तो वॉचमन कोणालाच ओळखत नाही.

मग लिनक्स एक सरळ तोडगा काढतं. ड्राइव्ह जोडताना, म्हणजे माउंट करताना, तुम्हीच सांगायचं की आतल्या सगळ्या फायलींचा मालक कोण समजायचा आणि कोणाला काय करू द्यायचं. हे एकदाच गेटवर ठरतं आणि आतल्या प्रत्येक फाइलला सारखंच लागू होतं. म्हणून माउंट झाल्यावर आत जाऊन एकेका फाइलवर सीएचमॉड किंवा सीएच-ओन (मालक बदलायची कमांड) चालवण्यात अर्थ नाही. एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर तर अशा वेळी तक्रारही करत नाही. 'सायलेंट' नावाचा पर्याय त्यात आपोआप चालू असतो, त्यामुळे कमांड गुपचूप गिळली जाते. भाच्याला एरर दिसली नाही ती म्हणून.

त्याच्या एफएसटॅबमध्ये (मशिन सुरू होताना कोणते ड्राइव्ह कसे जोडायचे ते लिहिलेली फाइल) पाहिलं तर कुठून तरी उचललेली ओळ होती: 'डिफॉल्ट्स,यूमास्क=०२२'. मालक कोण ते लिहिलेलंच नव्हतं, म्हणून मालक झाला रूट. बाकीच्यांना फक्त वाचायची मुभा. सुडोने सेव्ह होत होतं याचं कोडं तिथेच सुटलं.

आधी विंडोज खरंच बंद करा

हे टाळून पुढे जाऊ नका. परवानग्या चुकल्या तर फार तर चिडचिड होते. इथे चुकलं तर डेटा जातो.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तुम्ही शटडाउन दाबता तेव्हा विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपली गाभ्याची अवस्था 'हायबरफिल' फाइलमध्ये ठेवून झोपतं, म्हणजे उद्या लवकर उठता येईल. झोपताना त्याच्या डोक्यात डी ड्राइव्हचा नकाशा तसाच असतो. मधल्या वेळात लिनक्समधून तुम्ही डीवर चार फायली टाकल्या, दोन पुसल्या, आणि मग विंडोज उठलं, तर ते जुन्या नकाशावरच काम करणार. मग फायली गायब होतात, फोल्डर उघडत नाहीत.

एनटीएफएस-३जीला हे कळतं. विंडोजच्या कॅशमध्ये मेटाडेटा शिल्लक आहे, असं सांगून तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता जोडतो. लोक त्याला परवानगीचा घोळ समजतात आणि पुन्हा सीएचमॉडकडे वळतात. ओळखायची खूण सोपी आहे: सुडो लावूनही लिहिता येत नसेल, तर दोष परवानगीचा नाही, बहुधा झोपलेल्या विंडोजचा आहे.

उपाय विंडोजमध्येच करायचा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, मग पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावं ते ठरवायचं पान. तिथे 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' वरची खूण काढा. खूण राखाडी दिसत असेल तर वरच्या 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला' अशा अर्थाच्या दुव्यावर आधी क्लिक करा. किंवा अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून:

पॉवरसीएफजी /एच ऑफ

याने हायबरनेट पूर्णच बंद होतं आणि हायबरफिलने अडवलेली काही जीबी जागाही सुटते. मी हेच करतो. मात्र विंडोजचं मोठं अपडेट झालं की एकदा डोकावून बघा, खूण परत आलेली नाही ना. आणि तात्पुरतं करायचं असेल तर शटडाउनऐवजी रिस्टार्ट दाबा. रिस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होऊनच उठतं.

इंटरनेटवर दोन शॉर्टकट सापडतील. एक, माउंट करताना 'रिमूव्ह_हायबरफाइल' देणं. त्याने झोपलेल्या विंडोजची अवस्थाच पुसली जाते. न सेव्ह केलेलं सगळं गेलं. दोन, 'एनटीएफएसफिक्स' चालवणं. त्याच्या नावावर जाऊ नका. तो काही मोजक्या चुका सुधारतो आणि पुढच्या वेळी विंडोजने डिस्क तपासावी अशी सोय करतो. विंडोजच्या चेकडिस्कची जागा तो घेत नाही. ड्राइव्ह खरंच बिघडलेला वाटत असेल तर विंडोजमध्ये जाऊन सी-एच-के-डी-एस-के डी: /एफ चालवा.

पार्टिशन ओळखा

टर्मिनलमध्ये:

एल-एस-बी-एल-के -एफ

यात डिस्क, पार्टिशन, फाइल सिस्टिमचा प्रकार, लेबल आणि यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक) दिसतात. एनटीएफएसचा यूयूआयडी आखूड असतो, सोळा अक्षर-आकड्यांचा. लिनक्सच्या ईएक्सटी४ चा लांब आणि मध्ये रेघा असलेला. त्यावरूनही फरक कळतो. आकार बघा (तो -एफ न लावता नुसत्या एल-एस-बी-एल-के ने दिसतो), लेबल बघा, सी आणि डी यांची गल्लत करू नका. भाच्याच्या लॅपटॉपवर डी होता एनव्हीएमई०एन१पी४.

प्रकाराच्या रकान्यात एनटीएफएसऐवजी बिटलॉकर दिसलं, तर पार्टिशन कुलूपबंद आहे. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ हे कधीकधी न विचारताच लावून देतं. लिनक्समध्ये क्रिप्टसेटअपची २.३ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर 'क्रिप्टसेटअप ओपन --टाइप बिटएलके' ने ४८ आकडी रिकव्हरी की देऊन ते उघडता येतं, आणि मग /डेव/मॅपर खाली तयार झालेलं नाव माउंट करायचं. पण दोन्हीकडे रोज लागणाऱ्या डीसाठी मी तरी विंडोजमध्ये जाऊन फक्त त्या ड्राइव्हचं बिटलॉकर काढून टाकेन. अर्थात लॅपटॉप लोकलमध्ये रोज हिंडत असेल आणि डीवर बँकेची कागदपत्रं असतील, तर कुलूप ठेवणंच शहाणपणाचं.

मास्कचं गणित

सगळा विषय इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

लिनक्समध्ये परवानगीचे तीन आकडे असतात: पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. सगळं द्यायचं तर ७. मास्क म्हणजे याच्या उलट: काय द्यायचं नाही ते. ७७७ मधून मास्क काढून घेतला की उरते ती परवानगी.

फोल्डरसाठी 'डीमास्क' आणि फायलींसाठी 'एफमास्क' असे दोन वेगळे पर्याय आहेत, आणि ते वेगळे असण्याला कारण आहे. फाइलवरचा १ म्हणजे ती प्रोग्रॅम म्हणून चालवता येणं. फोल्डरवरचा १ म्हणजे आत शिरता येणं. डीवरच्या फोटोंना आणि एक्सेल शीटना चालवण्याची परवानगी नकोच, पण फोल्डरमधून तो १ काढला तर दार बंद.

म्हणून एकट्याच्या मशिनसाठी डीमास्क=०२२ आणि एफमास्क=१३३. फोल्डरला ७५५, फायलींना ६४४. तुम्ही सगळं करू शकता, बाकीचे फक्त बघू शकतात.

भाच्याने आगाऊपणा करून दोन्हींऐवजी एकच 'यूमास्क=१३३' देऊन पाहिलं. फोल्डरही ६४४ झाले. एलएसने नावं दाखवली, पण मालक, आकार, तारीख यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, आणि कुठल्याच फोल्डरमध्ये शिरता येईना. त्याचा चेहरा उतरला, "मामा, डेटा गेला?" काही गेलं नव्हतं. अनमाउंट करून बरोबर मास्कने पुन्हा जोडलं की सगळं जागेवर.

आणि मग सरळ ७७७ का ठेवू नये? चालतं, पण त्याची झळ भाच्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोरांना लवकर लागते. सगळ्या फायली 'चालवण्याजोग्या' दिसू लागतात, आणि गिटचं (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाचं) प्रोजेक्ट डीवर असेल तर गिट स्टेटस एक अक्षरही न बदललेल्या फायली बदललेल्या म्हणून दाखवतं. डबल क्लिक केल्यावर साध्या मजकुराची फाइल 'चालवू का?' असं विचारते ते वेगळंच.

आधी हाताने जोडून बघा

एफएसटॅबला हात लावण्याआधी एकदा तात्पुरतं जोडून खात्री करायची. स्वतःचा आकडा 'आयडी' या कमांडने कळतो. मग:

सुडो एम-के-डी-आय-आर /एमएनटी/डेटा

सुडो माउंट -टी एनटीएफएस-३जी -ओ यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,डीमास्क=०२२,एफमास्क=१३३ /डेव/एनव्हीएमई०एन१पी४ /एमएनटी/डेटा

पर्यायांच्या मध्ये स्वल्पविराम, पण जागा सोडायची नाही. निम्म्या चुका तिथेच होतात. माउंट झालं की 'एलएस -एल /एमएनटी' ने मालक बघा, मग सुडो न लावता आत 'टच' ने एक रिकामी फाइल बनवा आणि पुसा. जमलं तर झालं.

पर्याय बदलायचे असतील तर 'रीमाउंट' चालत नाही. एनटीएफएस-३जी स्पष्ट नकार देतो. आधी सुडो यू-माउंट /एमएनटी/डेटा (यू नंतर एन नाही, थेट एम), मग नव्याने माउंट. 'टार्गेट बिझी' आलं तर बहुतेक वेळा तुमचंच एखादं टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं असतं, नाहीतर मागे व्हिडिओ प्लेअर उघडा असतो.

घरात दोघं असतील तर

ताईच्या घरी लॅपटॉप एक आणि माणसं तीन. ताई विंडोजवर क्लासचे हिशेब ठेवते, भाचा आणि त्याची धाकटी बहीण लिनक्सवर. डीवर सगळ्यांचं सगळं: फोटो, नोट्स, आजीच्या भजनी मंडळाची अभंगांची फाइल. भाच्याला मालक केलं तर बहिणीला लिहिता येईना. ७७७ नको. मग गट.

सुडो ग्रुपअ‍ॅड -जी १०५० घर

सुडो युझरमॉड -ए-जी घर युझरचं-नाव

दुसऱ्या कमांडमध्ये 'एजी' जोडून लिहायचं, ए लहान आणि जी कॅपिटल. तो ए विसरलात तर युझर बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर फेकला जातो, अगदी सुडोच्या गटातूनही. मग रविवार त्यातच जातो. कमांड दोघांसाठी एकेकदा चालवा आणि दोघांनीही लॉगआउट करून परत लॉगिन करा. त्याशिवाय नवा गट लागू होत नाही. इथे अनेक जण 'काही झालंच नाही' म्हणून थांबतात.

आता जीआयडी=१०५०, डीमास्क=००७, एफमास्क=११७. फोल्डर ७७०, फायली ६६०. मालक आणि घर-गट दोघांनाही सगळं करता येतं, बाकी कोणालाही काही दिसत नाही.

याला एक कंगोरा आहे. सगळ्या फायलींचा मालक भाचाच दिसणार, बहिणीने बनवलेल्या फायलींचाही. त्यामुळे बहिणीने फाइल मॅनेजरमधून काही डिलीट केलं तर ते कचरापेटीत न जाता 'कायमचं पुसू का?' असा प्रश्न आला, कारण कचरापेटीचं फोल्डर ज्याचं त्याच्या मालकीचं असावं लागतं. तिला तेवढं बजावून ठेवलं. विंडोजमध्ये ताईला '.ट्रॅश-१०००' नावाचं अनोळखी फोल्डर दिसलं तर व्हायरस समजून घाबरू नकोस, हेही फोनवर सांगितलं.

एफएसटॅबमध्ये कायमचं

आधी प्रत घ्या: सुडो सीपी /ईटीसी/एफएसटॅब /ईटीसी/एफएसटॅब.जुना. मग सुडो नॅनोने मूळ फाइल उघडून शेवटी एक ओळ:

यूयूआयडी=तुमचा-क्रमांक /एमएनटी/डेटा एनटीएफएस-३जी यूआयडी=१०००,जीआयडी=१०५०,डीमास्क=००७,एफमास्क=११७,विंडोज_नेम्स,नोफेल ० ०

सुरुवातीचं यूयूआयडी कॅपिटल. डिस्कचं /डेव मधलं नाव इथे देऊ नका. दुसरी डिस्क लावली की ती नावं सरकू शकतात, यूयूआयडी सरकत नाही. 'नोफेल' म्हणजे हा ड्राइव्ह सापडला नाही तरी मशिन सुरू होऊ दे. हा शब्द नसताना यूयूआयडीचं एक अक्षर चुकलं, तर लॅपटॉप काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोडमध्ये येऊन थांबतो. 'विंडोज_नेम्स' विषयी खाली. शेवटचा शून्य म्हणजे बूट होताना ही डिस्क तपासायची नाही. ते काम विंडोजचं.

मशिन रिस्टार्ट करून नशीब अजमावू नका. आधी 'सुडो फाइंड-एम-एन-टी --व्हेरिफाय' चालवा, ओळीत चूक असेल तर ते सांगतं. मग 'सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड', ड्राइव्ह अनमाउंट करा आणि 'सुडो माउंट -ए'. काहीच न बोलता प्रॉम्प्ट परत आला की ओळ बरोबर. आता दोन्ही युझरनी लॉगिन करून एकेक फाइल बनवून, दुसऱ्याची फाइल उघडून, बदलून सेव्ह करून बघायची.

सी ड्राइव्ह जोडायचाच असेल तर पर्यायांत 'आरओ' घाला, म्हणजे फक्त वाचण्यापुरता. तिथे लिहिण्याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. आणि विंडोजमध्ये ताईने स्वतःच्या फोल्डरवर लावलेले निर्बंध इथे पाळले जात नाहीत हे विसरू नका. लिनक्सच्या गेटवर तुम्ही जे ठरवलं तेच चालतं.

कोणता ड्रायव्हर

एनटीएफएस-३जी जुना आणि सरावाचा. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेर राहून काम करतो, म्हणून मोठ्या कॉपीला थोडा संथ. २०२१ साली लिनक्स ५.१५ मध्ये पॅरागॉन कंपनीने लिहिलेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये आला. तो वेगवान आहे आणि वर दिलेले यूआयडी, जीआयडी, डीमास्क, एफमास्क त्यालाही चालतात. वापरायचा असेल तर एफएसटॅबमध्ये प्रकार 'एनटीएफएस३' लिहा आणि 'आयओकॅरसेट=यूटीएफ८' जोडा, म्हणजे मराठी नावांच्या फायलींचा घोळ होत नाही. ड्राइव्ह अर्धवट बंद झालेला असेल तर हा माउंट करायलाच नकार देतो. ताईच्या घरी मी जुनाच ठेवला. हिशेबाच्या फायलींना वेगापेक्षा कंटाळवाणा भरवसा बरा.

फाइलगणिक वेगळ्या परवानग्या हव्याच असतील, तर एनटीएफएस-३जीमध्ये विंडोजचे ओळख क्रमांक आणि लिनक्सचे आकडे यांची जोडी लावणारी 'युझरमॅपिंग' फाइल बनवता येते. मग सीएचमॉडही चालतं. घरगुती वापराला मी ते कोणाला सुचवलेलं नाही. कोड, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, स्क्रिप्ट हे लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनवर ठेवा. भाच्याची प्रोजेक्टं मी त्याच दुपारी होममध्ये, म्हणजे लिनक्समधल्या त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, हलवली.

मराठी नावांच्या फायली

हलवताना एक गंमत झाली. आजीच्या अभंगांच्या फोल्डरमधली एक फाइल डीवर सुखाने नांदत होती, पण होममध्ये कॉपी होईना: नाव फार लांब. आजीने फाइलच्या नावातच अख्खी ओळ टाइप केलेली. एनटीएफएस नावाची लांबी यूटीएफ-१६ च्या २५५ एककांत मोजतं, आणि देवनागरीची प्रत्येक खूण तिथे एक एकक घेते. ईएक्सटी४ मात्र २५५ बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी वेगळी धरून ८५ खुणांत मामला आटपला. इंग्रजीत नावं देणाऱ्यांना ही भिंत सहसा लागत नाही.

उलट दिशेची अडचण विरामचिन्हांची. लिनक्समध्ये फाइलच्या नावात विसर्गासारखा दिसणारा कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजला चालत नाही. एनटीएफएस-३जी अशा नावाची फाइल डीवर बनवू देतो, आणि मग ताईला विंडोजमध्ये ती उघडता येत नाही, पुसताही येत नाही. वरच्या ओळीतलं 'विंडोज_नेम्स' त्यासाठीच: असं नाव दिलं तर लिनक्सच जागेवर अडवतं.

राहिलं घड्याळ. लिनक्सवरून विंडोजमध्ये गेल्यावर वेळ साडेपाच तास मागे दिसली, तर फायलींवर तारखाही चुकीच्या पडतात. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ समजतं, लिनक्स जागतिक. फरक बरोबर आपल्या साडेपाच तासांचा. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की दोघांचं जुळतं. लिनक्स त्यावर एक इशारा छापतं. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढेमागे करायची पद्धत नसल्यामुळे तो इथे फारसा लागू पडत नाही.